मोठ्या अपघातानंतर रुग्णवाहिकेवरच्या माणसांना मानसिक आधार: आमचा मसुदा बरोबर आहे का? (पुणे)

सिंहगडरोडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका धर्मादाय ट्रस्टच्या आठ रुग्णवाहिकांचं काम माझ्याकडे आहे. चालक, ईएमटी (रुग्णवाहिकेवरचे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ), दोन डॉक्टर आणि फोन घेणाऱ्या चार जणी धरून छत्तीस माणसं. कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, सिंहगड रस्ता आणि खडकवासल्याकडची गावं हे आमचं मुख्य क्षेत्र. म्हणजे कसले कॉल येतात ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

मोठा अपघात, जळीत, गळफास, लहान मुलाचा मृत्यू किंवा नातेवाइकांची मारहाण, यांपैकी काही घडलं तर आपल्या माणसांसाठी काय करायचं याचा मसुदा समितीने केला आहे. दुसऱ्या दिवशी त्या फेरीतल्या सगळ्यांना हॉलमध्ये बसवायचं. बाहेरून समुपदेशक बोलवायचा. प्रत्येकाने काय पाहिलं, काय वाटलं ते क्रमाने सांगायचं. हजेरी सक्तीची. त्यानंतर सगळ्यांना सरसकट आठ दिवस रजा. ज्याला झोप येत नसेल त्याला आमचेच डॉक्टर आठवडाभराची झोपेची गोळी लिहून देतील.

हेतू चांगला आहे, पण मला हे पटत नाहीये आणि का पटत नाहीये ते समितीला नीट मांडता येत नाहीये. या क्षेत्रातल्यांनी कृपया सांगा: यातलं काय ठेवावं, काय काढावं? खर्चाला फार वाव नाही. फोनवरच्या मुलींचा मसुद्यात उल्लेखच नाही, त्यांचं काय करावं?

मनीमानसी

क्लिनिकल सायकॉलॉजीत काम करते, त्यामुळे उपचाराच्या बाजूने लिहिते.

सक्तीची बैठक काढा. हा माझा सगळ्यात ठाम मुद्दा. घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून अनुभव वदवून घ्यायची पद्धत १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवांमधून पसरली. पुढे तिच्या चाचण्या झाल्या, तेव्हा अशा एका बैठकीने पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा ताणाचा विकार) टळत नाही असं दिसलं आणि काही अभ्यासांत बसवलेल्या लोकांची अवस्था न बसवलेल्यांपेक्षा वाईट निघाली. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शिकेत पीटीएसडी रोखण्यासाठी किंवा उपचार म्हणून अशी बैठक देऊ नये असं स्पष्ट लिहिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही तोच आहे. समितीला हे दोन संदर्भ पुरतील.

नुकसान कशाने होतं ते समजून घ्या. पहिल्या एकदोन दिवसांत शरीर अजून धोक्याच्या पवित्र्यात असतं, छाती धडधडते, झोप तुटते. त्या अवस्थेत बारीकसारीक तपशील परत बोलायला लावले की आठवण आणखी घट्ट बसण्याची शक्यता असते. आणि तो हाताळायला तिथे फक्त तासभर असतो. दुसरं म्हणजे चालक गाडीजवळ उभा होता, त्याने आतलं पाहिलेलं नाही. बैठकीत ईएमटी सगळं सांगतो आणि चालक ते चित्र घेऊन घरी जातो. तिसरं, सहकाऱ्यांसमोर आणि वरिष्ठांसमोर रडू आलं याची लाज. त्यानंतर तो माणूस मदत मागायला येतच नाही.

गोळीचंही तेच. झोपेसाठी सर्रास देतात त्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वर्गातल्या गोळ्या आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात ताणाच्या लक्षणांसाठी किंवा झोपेसाठी देऊ नयेत अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ची शिफारस आहे. सवय लागते, मेंदूचं आपणहून सावरणं अडू शकतं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालवणाऱ्याच्या हातात ती गुंगी उरते. सहकारी डॉक्टरने सहकाऱ्याला गोळी लिहून देणं हे एरवीही बरं नाही. त्याची नोंद राहत नाही आणि पाठपुरावा कोणी करत नाही.

मग करायचं काय? पहिले तीन दिवस मानसिक प्रथमोपचार. पाहा, ऐका, जोडून द्या. पाहा म्हणजे त्याने खाल्लंय का, कपडे बदललेत का, घरी कोण आहे. ऐका म्हणजे तो बोलला तर मध्ये न तोडता ऐका, नाही बोलला तर खोदू नका. जोडून द्या म्हणजे घरच्यांशी, भरवशाच्या सहकाऱ्याशी आणि गरज असेल तर उपचाराशी. याला समुपदेशकाची पदवी लागत नाही, एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलेला शिफ्ट इन्चार्ज हे करू शकतो.

एवढं लक्षात ठेवा की पहिल्या दोन आठवड्यांत दृश्य डोळ्यांसमोर येणं, दचकणं, चिडचिड, झोपमोड हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. तेव्हाच त्याला आजार ठरवून मोकळं होऊ नका. अपवाद आहेत, त्यांना वाट पाहायची नाही: जीव द्यावासा वाटतो असं म्हणणं, दोन रात्री अजिबात झोप नाही, आपण कुठे आहोत याचं भान सुटणं, दिवसा दारू. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. आत्महत्येबद्दल सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही.

टायर_आणि_सायरन

मानसीताईंच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी गाड्यांच्या बाजूचं लिहितो, कारण मसुद्यात पहिल्या दोन तासांबद्दल एक ओळही नाही. खरी हेळसांड तिथेच होते.

रुग्ण हॉस्पिटलात दिल्यावर त्या गाडीला नियंत्रण कक्षाने किमान एक तास सेवेबाहेर दाखवायला हवं. हे इन्चार्जने सांगायचं, चालकाने मागायचं नाही. मागावं लागलं की कोणी मागत नाही, आणि वीस मिनिटांत पुढचा कॉल येतो.

गाडी धुणं. आपल्याकडे हे काम न सांगता चालकावर पडतं. ईएमटी आणि डॉक्टर कागदपत्रात अडकलेले असतात, आणि हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला एक माणूस एकटाच रक्ताची गाडी धूत असतो. नियम करा की अशा फेरीनंतर गाडी त्या फेरीतल्या माणसाने धुवायची नाही. दुसऱ्या गाडीचे दोघं किंवा डेपोतला मदतनीस धुवेल. धुण्याची पद्धतही लिहून ठेवा, कारण अर्धवट धुतलेल्या गाडीचा वास आठ-दहा दिवस राहतो आणि वासाइतकी आठवण दुसरं काही उकरत नाही. हातमोजे घालून आधी टिपकागदाने किंवा जुन्या कापडाने रक्त टिपून पिवळ्या पिशवीत टाका. मग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट. बाजारातलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रावण, चार भाग पाणी. ओतून निदान दहा मिनिटं राहू द्या, मग पुसा, शेवटी साध्या पाण्याने पुसा, नाहीतर स्टील गंजतं. दोन्ही दारं उघडी ठेवा. ॲसिड किंवा अमोनियावाल्या क्लीनरमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. राहून जातात त्या जागा म्हणजे स्ट्रेचर अडकवायच्या रुळाची खाच, स्ट्रेचरची चाकं आणि पट्ट्यांची बकलं. पट्ट्याचं कापड रक्त शोषतं, वरून पुसून जात नाही. एक जादा संच ठेवा आणि भिजलेला पट्टा बदलाच.

मृताचा मोबाईल. अपघातातल्या माणसाच्या खिशात तो वाजत राहतो आणि पडद्यावर "आई" किंवा "घर" दिसत असतं. तो फोन कोणी उचलायचा हे आधीच ठरवा. आमच्या लोकांनी उचलायचा नाही. पोलीस हवालदाराच्या ताब्यात द्यायचा, वस्तूंच्या नोंदीत वेळ लिहून सही घ्यायची. त्या क्षणी कोणी ठरवलेलं नसेल तर सगळ्यात धाकटा ईएमटी तो उचलतो आणि ते बोलणं त्याच्या कानातून जात नाही.

नंतर हात धुणं, जादा गणवेश (प्रत्येक गाडीत दोन मापांचे), गरम जेवण. घरी जाताना एकट्याने दुचाकीवर सोडू नका. रात्रीच्या जागरणात, तशा मनःस्थितीत सातारा रस्त्यावरून दुचाकी म्हणजे दुसरा अपघात. रिक्षाचे पैसे संस्थेने द्यावेत, हा खर्च अगदी किरकोळ आहे.

आठ दिवसांच्या सक्तीच्या रजेबद्दल: मी विरोधात आहे. घरी बायकोमुलांना सांगता येत नाही, ओळखीचे लोक कामावर, आणि माणूस दिवसभर मोबाईलवर त्याच अपघाताच्या चित्रफिती पाहत बसतो. एक किंवा दोन दिवस मोकळे द्या, मग त्याला विचारून दोन-तीन पाळ्या हलकं काम. हॉस्पिटल ते हॉस्पिटल बदली, डायलिसिसच्या फेऱ्या, वारीत किंवा विसर्जन मिरवणुकीत तैनातीची गाडी. जोडीदार मात्र नेहमीचाच ठेवा. नंतर पुन्हा रस्त्यावर. ज्याला खरंच रजा हवी त्याला ती मिळायलाच हवी, पगार न कापता.

आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर घटनास्थळाचा फोटो किंवा व्हिडिओ टाकायला बंदी. ग्रुपमधल्या माणसांच्या फोनमधलं आपोआप डाउनलोड बंद करायला लावा. जो त्या फेरीत नव्हता त्यालाही ते पाहावं लागायचं काही कारण नाही.

जुनापुलिया

सगळं पटतंय, पण एक शंका. आमच्या वेळी कॉल संपला की टपरीवर चहा घ्यायचो आणि सगळे बोलायचे. कोणी शिव्या घालायचं, कोणी गप्प बसायचं. त्याने बरं वाटायचं. बोलूच नये असं तुम्ही म्हणताय का?

मनीमानसी

नाही काका, उलट तो चहा मसुद्यात लिहून घ्यावा असं मला वाटतं. आपल्याच माणसांबरोबर, आपल्याला हवं तेवढं, हवं तेव्हा बोलणं आणि मध्येच उठून जायची मोकळीक, हे उपयोगी आहे. अपाय होतो तो सक्तीने, अनोळखी माणसासमोर, क्रमाने सगळं वदवून घेण्याने. "तू काय पाहिलंस ते सांग" असं म्हणू नका. "जेवलास का, घरी कोण आहे, उद्या कोणाबरोबर ड्यूटी आहे" हे विचारा.

दहा मिनिटांचं कामापुरतं बोलणं मात्र फेरी संपल्यावर व्हावं. कॉल किती वाजता आला, गाडी किती वाजता पोचली, कोणाला कुठे नेलं, काय साहित्य संपलं. भावनांचा विषय काढायचा नाही. शेवटी इन्चार्जने सांगायचं की पुढच्या काही रात्री झोप मोडेल, तसं होतं, आणि फोन कोणाला करायचा.

कॉल_नोंद

फोनवरच्या मुलींबद्दल कोणी विचारलं म्हणून बरं वाटलं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तिकेत (२०१३) कामाचा भाग म्हणून भयंकर तपशील वारंवार समोर येणं हेही आघातात धरलं आहे. म्हणजे जिने काहीच पाहिलं नाही, फक्त ऐकलं, तिलाही पीटीएसडी होऊ शकतो. "तू तर खुर्चीत बसून होतीस" हे वाक्य तुमच्या संस्थेत कोणी बोलणार नाही एवढं आधी बघा.

त्यांचा त्रास वेगळ्या प्रकारचा असतो. पहिलं, शेवट कळत नाही. आई ओरडत असते, ही मुलगी फोनवर छाती दाबायला सांगत असते, मिनिटाला १०० ते १२० या गतीने मोजत असते, गाडी पोचते आणि फोन कट होतो. पुढे काय झालं ते कधीच कळत नाही, मग डोक्यात प्रत्येक शक्यता फिरत राहते. उपाय साधा आहे. गाडीवरच्या ईएमटीने पाळी संपण्याआधी त्या मुलीला दोन ओळींत निष्पत्ती कळवायची: पोचलो तेव्हा काय होतं, काय केलं, कुठे दिलं. फोटो नाही, वर्णन नाही. वाईट बातमीही कळवायचीच. न कळणं त्याहून जड जातं. पण "मला नको सांगू" असं ती म्हणाली तर तेही मान्य.

दुसरं, लागोपाठ कॉल. मुलाचा मृत्यू, जळीत, किंवा फोनवरच कोणी गेलं, असा कॉल संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं हेडसेट काढून बाहेर. तिची जागा घेणारं कोणी हवं. चार जणी म्हणजे बहुधा पाळीला एकच असते, मग जागा घेणार कोण? इन्चार्जला फोन घ्यायचं प्रशिक्षण द्या. ही तुमच्या मसुद्यातली सगळ्यात मोठी फट आहे असं माझं मत.

तिसरं म्हणजे पत्ता. गावांतल्या कॉलवर पत्ता सापडेपर्यंत गेलेला वेळ ती स्वतःच्या नावावर मांडते. तिला नोंदीतल्या वेळा दाखवा: कॉल कधी जोडला गेला, पत्ता कधी मिळाला, गाडी कधी निघाली. बऱ्याचदा उशीर तिच्या हातात नव्हता हे आकड्यांतच दिसतं. आणि खरंच तिच्याकडून चूक झाली असेल तर तो आढावा वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाने घ्यावा. आधार देणारा आणि चौकशी करणारा एकच असेल तर तिसऱ्या दिवसापासून कोणी खरं बोलत नाही.

हाच मुद्दा चालकालाही लागू आहे. मागे काय चाललंय ते तो ऐकत असतो, आरशात अर्धवट दिसत असतं, हात स्टिअरिंगवर असतात, करता काही येत नाही. आणि त्याला "मेडिकल स्टाफ" धरत नाहीत म्हणून प्रशिक्षणालाही बोलवत नाहीत. यादीत चालक पहिले लिहा.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. हेडसेटची फट माझ्या लक्षातच आली नव्हती. आता दोन गोष्टी अडतात. "मला काही झालं नाही" म्हणणाऱ्या माणसाला त्रास होतोय हे ओळखायचं कसं? आणि हे बघणार कोण? बाहेरचा समुपदेशक महिन्याला ठेवणं परवडणार नाही.

टायर_आणि_सायरन

तोंडाने नाही म्हणेल, पण काम बोलतं. अमुक चौक टाळून लांबचा रस्ता धरणं. ऑक्सिजन सिलिंडरचा दाब आणि सक्शन एका पाळीत चार-चार वेळा तपासणं. गरज नसताना सायरन, किंवा गरज असताना सायरन न लावणं. अचानक जोरात ब्रेक. नातेवाइकांवर खेकसणं, आधी कधी न खेकसणाऱ्याचं. ठरावीक जोडीदार नको म्हणणं. पाळी संपली तरी घरी न जाता गाडीतच झोपणं. तंबाखूच्या पुड्या वाढणं. मुलांच्या कॉलला दुसऱ्याला पुढे करणं. एखादी खूण एखाद्या दिवशी दिसली तर सोडून द्या, पण दोन-तीन खुणा दोन आठवडे टिकल्या तर बाजूला घेऊन बोला. आधी तो कसा होता त्याच्याशी तुलना करा, दुसऱ्या माणसाशी नाही.

मनीमानसी

कोण बघणार, याला चांगला आणि स्वस्त नमुना आहे. ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये ट्रिम नावाची पद्धत तयार झाली आणि पुढे तिथल्या पोलीस व रुग्णवाहिका सेवांनी घेतली. थेरपी न करता सहकाऱ्यांपैकीच काही जणांना धोका ओळखायला शिकवतात. घटनेनंतर साधारण तीन दिवसांनी एक भेट, महिन्याने दुसरी. तुमच्यासारख्या छत्तीस जणांच्या संस्थेला असे चार शिकवलेले सहकारी (त्यांना "मित्र" म्हणू) पुरतील: दोन चालक, एक ईएमटी, एक फोनवरची.

निवड करताना हुद्दा पाहू नका. लोक आपणहून ज्याच्यापाशी जाऊन बसतात तो माणूस निवडा. चिठ्ठ्यांवर नावं मागवा, बहुधा तीच तीच नावं येतात. हजेरी, पगार किंवा शिस्तभंगाचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो नको. घटनेत स्वतः असलेल्या मित्राने ती भेट घ्यायची नाही. आणि मित्रांनाही कोणी बघायला हवं, म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा बाहेरच्या तज्ज्ञाबरोबर त्यांची तासाभराची बैठक ठेवा. खर्च करायचाच तर तो तिथे करा.

तीन दिवसांच्या भेटीत काय विचारायचं? झोप, जेवण, दारू, घरी बोलणं होतं का, आपलीच चूक झाली असं वाटतं का, आपला जीव जाईल असं वाटलं होतं का, याआधीचं काही वर आलंय का. शेवटचे तीन प्रश्न महत्त्वाचे, पुढे कोणाला जड जाणार याचा अंदाज त्यावरून येतो. अर्धा तास पुरे, चालत-चालत बोललात तरी चालेल.

महिन्यानंतर पीसीएल-५ ही पीटीएसडीच्या लक्षणांची प्रश्नावली. २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ८०. सर्वसाधारणपणे ३१ ते ३३ किंवा त्याहून जास्त आले तर पूर्ण तपासणीला पाठवायचं. निदान प्रश्नावलीने होत नाही, तज्ज्ञच करतो. तिसऱ्या दिवशी ती भरून घेऊ नका. तिच्यात मागच्या महिन्याभराचं विचारलेलं असतं आणि तेव्हा सगळ्यांचेच आकडे वर येतात. पीटीएसडी म्हणायला लक्षणं महिन्याहून जास्त टिकलेली हवीत. तीन दिवस ते एक महिना या काळात तीव्र लक्षणं असतील तर त्याला तीव्र ताण विकार म्हणतात, तोही तज्ज्ञाकडे न्यायचाच.

गुण संस्थेच्या फाईलला लावायचे नाहीत. इन्चार्जला फक्त "भेट झाली, तारीख अमुक" एवढं कळेल. हे लेखी द्या आणि पाळा. एकदा जरी एखाद्याचा आकडा रजेच्या किंवा बढतीच्या बोलण्यात आला तरी ही पद्धत संपली असं समजा.

झोपेबद्दल थोडं. चहा-कॉफीतलं कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणून रात्रपाळीच्या शेवटच्या टप्प्यात चहा नको. तंबाखूतलं निकोटिनही उत्तेजक आहे. दारूने डोळा लवकर लागतो पण उत्तररात्री झोप तुटते आणि वाईट स्वप्नं वाढतात. दृश्य परत-परत येत असेल तर हातांना आणि डोळ्यांना गुंतवणारं काम करावं. घटनेनंतरच्या काही तासांत टेट्रिससारखा खेळ खेळलेल्यांना त्या आठवड्यात तशी दृश्यं कमी आली असं काही अभ्यासांत दिसलं आहे. अभ्यास लहान आहेत, पण अपाय काही नाही.

हक्क_रजा_पगार

उशिरा आलो. कायद्याची आणि पैशांची बाजू कोणी लिहिली नाही म्हणून.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. कलम २३ प्रमाणे उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं हा रुग्णाचा हक्क आहे. त्यामुळे रजेच्या दाखल्यावर निदान लिहून आणा असा आग्रह धरू नका, "वैद्यकीय कारणास्तव, इतके दिवस विश्रांती" एवढं पुरे. कलम २१ (४) प्रमाणे विमा कंपनीला शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजाराचा विमा द्यावा लागतो. संस्थेची गटविमा पॉलिसी काढून बघा. बहुतेक पॉलिसी भरती झाल्यासच पैसे देतात, ओपीडीतलं समुपदेशन त्यात येत नाही. नूतनीकरणाच्या वेळी ते मागून घ्या.

संस्था ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर उपचार फुकट. शिवाय आजारपणाच्या रजेत वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांचं योगदान भरलेलं लागतं. कंत्राटदार बदलताना इथेच खाडा पडतो आणि माणसाला ऐनवेळी कळतं. योगदानाची नोंद तिमाहीला तपासा. तुमच्या भागातल्या लोकांना बिबवेवाडीचं ईएसआय रुग्णालय जवळ पडेल.

कार्ड नसेल तर ससूनची मानसोपचार ओपीडी. फोनवर सल्ला हवा तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा नंबर गाडीत डॅशबोर्डवर आणि नियंत्रण कक्षात चिकटवा.

मारहाण झाली तर महाराष्ट्राचा २०१०चा वैद्यकीय सेवा हिंसाचार प्रतिबंध कायदा आहे. दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. तक्रार संस्थेने द्यावी, आणि मार खाल्लेल्या माणसाला पोलीस चौकीत एकटं पाठवू नये. "जाऊ दे, दुःखात होते ते" असं वरिष्ठाने म्हटलं की माराहून तेच जास्त लागतं.

मनीमानसी

उपचाराबद्दल एक भर. महिन्यानंतर त्रास टिकला तर मागायचं ते आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारी बोलण्याची थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींबरोबर आठवणीवर काम करणारी थेरपी). सीबीटीची साधारण ८ ते १२ सत्रं, आठवड्याला एक. तिथे आठवण उघडतात, पण प्रशिक्षित माणूस, हळूहळू, पुरेशा वेळात. पहिल्या दिवशीच्या सक्तीच्या बैठकीत यातलं काहीच नसतं. औषधांत सर्ट्रालिनसारखी गोळी मानसोपचारतज्ज्ञ देतात, परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि बरं वाटल्यावर आपल्या मनाने बंद करायची नाही. ओपीडीत गेल्यावर नुसतं "झोप येत नाही" सांगितलं तर झोपेची गोळी मिळून माणूस परत येतो. म्हणून सांगायचं: "रुग्णवाहिकेवर काम करतो, अमुक तारखेपासून तेच दृश्य दिसतं, तो रस्ता टाळतो." वेळ वाचतो आणि उपचार योग्य दिशेने लागतो. मित्राने बरोबर जावं.

कॉल_नोंद

अजून एक राहिलं. घटना मागे पडल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, ईएमटी किंवा चालकाला साक्षीसाठी समन्स येतं. तोवर त्रास ओसरलेला असतो आणि वकिलाच्या प्रश्नांनी तो परत वर येतो. समन्स आलं की इन्चार्जला कळवायचं असा नियम ठेवा. त्या दिवसाची हजेरी कामाची धरा, आदल्या रात्री रात्रपाळी लावू नका. कॉल शीट आणि रुग्ण नोंदीची प्रत आठवडाभर आधी द्या, म्हणजे वेळा आठवायला डोक्यावर ताण येत नाही. शिवाजीनगर न्यायालयात बरोबर जाणारा एक सहकारी ठरवा, आणि महिन्यानंतरच्या भेटीसारखी एक भेट साक्षीनंतरच्या आठवड्यातही ठेवा.

सिंहगडरोडकर

समन्सचा मुद्दा मसुद्यात घेतला. सक्तीची बैठक, सरसकट रजा आणि गोळी, तिन्ही काढून नवा मसुदा शनिवारी समितीपुढे ठेवतोय. मित्रांच्या निवडीसाठी चिठ्ठ्या मागवल्या आहेत. जादा पट्ट्यांचे आठ संच आणि हायपोक्लोराइटचे कॅन यांची मागणी आजच टाकली. मानसिक प्रथमोपचाराचं मराठीतून एक दिवसाचं प्रशिक्षण देणारं पुण्यात कोणी माहीत असेल तर कृपया विपू (माझ्या विचारपुशीत निरोप) करा. चालकांच्या सोयीने सोमवार किंवा मंगळवार, सकाळच्या पाळीनंतर तीन वाजता चालेल.